‘गा’ गावठी कसा?

गोंदिया जिल्ह्यातल्या आमगाव-गोरेगावचा पोरगा शिकायला पुण्याकडे गेला की ‘काऊन गा’ म्हणायला कचरतो. हसं होतं. मास्तरांनीही शाळेत बजावलेलं असतं: ‘गा’ अडाण्यांचा शब्द, ‘रे’ म्हणावं. या समजुतीला धरून तीन आक्षेप घेतले जातात. तिन्ही तपासून पाहू.

पहिला आक्षेप, ‘गा’ ही अलीकडची बिघडलेली भाषा. मग तेराव्या शतकातल्या ‘लीळाचरित्रा’त तो कसा? 1290 च्या ‘ज्ञानेश्वरी’त तर तो जागोजागी भेटतो. नारायण सुर्व्यांनी 1962 साली कवितासंग्रहाला ‘ऐसा गा मी ब्रह्म’ हे नाव दिलं, तेव्हा कुणी नाक मुरडलं नाही. मुखपृष्ठावरचा ‘गा’ भारदस्त आणि आठवडी बाजारातला तेवढा गावंढळ, हा न्याय अजब आहे.

दुसरा आक्षेप, हा शब्द छत्तीसगडीतून आला. सालेकसा-देवरीपलीकडे छत्तीसगडात माणसं ‘गा’ म्हणतात, हे खरंच. पण ज्ञानेश्वरांचं नेवासं त्या सीमेपासून शेकडो किलोमीटर दूर. तिथल्या मराठीत सातशे वर्षांपूर्वी जो शब्द मुरलेला होता, तो आमच्या झाडीबोलीनं अलीकडे शेजाऱ्याकडून उसना आणला म्हणणं टिकत नाही. दोन्ही बोलींनी तो आपापल्या परीनं जपला असेल, एवढंच त्यावरून निघतं.

तिसरा आक्षेप, ‘गा’ म्हणजे ‘बे’चाच भाऊ, उर्मट. असं म्हणणाऱ्यानं एकदा पारावर बसून ऐकावं. सोबत्याला ‘काय बे’ चालतं. तेच बापाला म्हटलं तर कानाखाली बसेल. परक्या वडीलधाऱ्याला ‘काय जी’. आणि बांधावरून जाणाऱ्या मामाला? ‘मामा, कुठी चाल्ला गा?’ त्यात सलगी आहे, अवमान नाही. बाईमाणसासाठी वेगळा ‘व’ आहे. आता मास्तरांचा ‘रे’ त्या मामाला लावून पाहा. ‘गा’ काढून ‘रे’ बसवणाऱ्यानं पोराला सभ्यता शिकवली की उद्धटपणा?

प्रमाण मराठी पोरांना यायलाच हवी, अर्ज आणि परीक्षा तिच्यातच असतात. मात्र त्यासाठी घरचा ‘गा’ पुसायची गरज नाही. वर्गात ज्ञानेश्वरांची ओवी शिकवताना मास्तरांनी तिच्यातल्या ‘गा’वर बोट ठेवावं आणि विचारावं, हा शब्द कुणाच्या घरी बोलतात? गोंदिया जिल्ह्यातल्या कितीतरी वर्गांत तेव्हा हात वर होतील.