गोमातेला वैद्य कोण देणार?

महाभारतातील अज्ञातवासात नकुलाने विराटाच्या अश्वशाळेची आणि सहदेवाने गोधनाची जबाबदारी स्वीकारली. राजपुत्रांनी पशूंची सेवा पत्करली, यात महाभारतकारांना काही कमीपणा वाटला नाही. शालिहोत्राचे अश्वशास्त्र आणि पालकाप्याचा हस्त्यायुर्वेद ही याच भूमीची निर्मिती. कौटिल्याने गोधनाच्या देखरेखीसाठी गोऽध्यक्ष हा स्वतंत्र अधिकारी सांगितला, तर सम्राट अशोकाने दुसऱ्या शिलालेखात माणसांबरोबरच पशूंच्या चिकित्सेची व्यवस्था केल्याचे कोरून ठेवले. पशुवैद्यकाचा एवढा जुना वारसा मिरविणाऱ्या समाजाने आज आपल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांत एकदा डोकावून पाहावे. तेथे जे दिसेल, ते या वारशाला शोभणारे खचितच नाही.

महाराष्ट्रात या शिक्षणाची परंपरा मोठी आहे. मुंबईत परळ येथे १८८६ साली पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. पुढे नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ येथे महाविद्यालये उभी राहिली आणि अकोल्यात पदव्युत्तर संस्था आली. २००० साली नागपूरला महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ स्थापन होऊन या सर्वांना एक छत्र लाभले. मात्र छत्र मिळाले तरी त्याखालच्या खुर्च्या भरल्या गेल्या नाहीत. निवृत्त होणाऱ्या प्राध्यापकाची जागा वर्षानुवर्षे रिकामी राहते. तिचा कार्यभार दुसऱ्याकडे ‘अतिरिक्त’ म्हणून सोपविला जातो. कोठे कंत्राटी सहायक प्राध्यापकावर वेळ निभावली जाते. ज्याला पुढच्या वर्षी आपण येथे असू की नाही याची शाश्वती नाही, त्याने पाच वर्षे चालणारे संशोधन हाती घ्यावे तरी कसे?

हा प्रश्न केवळ नोकरभरतीचा नाही. पशुवैद्यकाची पदवी एक वर्षाच्या आंतरवासितेसह साडेपाच वर्षांची आहे. शरीररचना, विकृतिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, परोपजीवीशास्त्र, शल्यचिकित्सा, प्रसूतिशास्त्र, पशुआहार असे पंधराहून अधिक विभाग भारतीय पशुवैद्यक परिषदेच्या निकषांत आहेत. माणसांचा डॉक्टर एकाच प्राण्याचा अभ्यास करतो. येथे विद्यार्थ्याला गाय, म्हैस, घोडा, शेळी, कुत्रा, कोंबडी या साऱ्यांची शरीरे समजून घ्यावी लागतात. बोलता न येणाऱ्या रुग्णाचे दुखणे हाताच्या स्पर्शाने ओळखायचे असते. अडलेल्या गाईच्या पोटातील वासराची स्थिती पुस्तकातून शिकता येत नाही. त्यासाठी अनुभवी शिक्षक आणि महाविद्यालयाच्या चिकित्सालयात येणारी जनावरे, दोन्ही लागतात. शिक्षक नसेल, तर पदवीधर बाहेर पडतो. वैद्य बाहेर पडेलच असे नाही.

उपकरणांची कथाही अशीच आहे. यंत्रखरेदीसाठी कधी तरी निधी मिळतो. उद्घाटन होते, छायाचित्र छापून येते. त्यानंतर यंत्राला लागते ती रसायने, सुटे भाग, देखभालीचा वार्षिक करार आणि प्रशिक्षित तंत्रज्ञ. या खर्चाला अंदाजपत्रकात जागा सापडत नाही. विषाणूंचे नमुने उणे ८० अंश तापमानात ठेवावे लागतात. वीज गेली आणि जनित्र चालले नाही, तर एका रात्रीत कित्येक वर्षांचा संग्रह नष्ट होऊ शकतो. आवरणाखाली झाकून ठेवलेले यंत्र जडसंग्रह नोंदवहीत शोभते. रोगाचे निदान मात्र त्यातून होत नाही.

निदानाला झालेल्या विलंबाची किंमत शेतकरी मोजतो. २००६ च्या फेब्रुवारीत नवापूरच्या कुक्कुटपालकांवर बर्ड फ्लूचे संकट कोसळले, तेव्हा नमुने भोपाळच्या उच्च सुरक्षा प्रयोगशाळेत पाठवावे लागले. अशी प्रयोगशाळा प्रत्येक राज्यात असू शकत नाही, हे मान्य. परंतु प्राथमिक तपासणी तरी जवळच्या महाविद्यालयात तातडीने होऊ नये काय? २०२२ साली लम्पी त्वचारोगाने राज्यातील गोठे व्यापले. अंगावर गाठी आलेली, पाय सुजलेली खिलार बैलजोडी दावणीला बसलेली पाहून शेतकऱ्याच्या घरात चूल पेटली नाही, असे ते दिवस होते. त्या वेळी शेळ्यांच्या देवीची लस गाईंना टोचून साथ रोखण्याचा प्रयत्न झाला. हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी २०१९ साली झारखंडमधील जनावरांतून या विषाणूचा शोध घेतला होता. त्यातूनच, भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेच्या सहकार्याने, २०२२ साली स्वदेशी लस सिद्ध झाली. साथ येण्यापूर्वीच कोणी तरी प्रयोगशाळेत शांतपणे काम करीत होते, म्हणून हे घडले. ज्या बुळकांडीने पूर्वी गावेच्या गावे ओस पाडली, तिच्यापासून भारत २००६ साली मुक्त झाला, तोही लस आणि चिकाटी यांच्याच बळावर.

राष्ट्रीय कृषी आयोगाने १९७६ साली पाच हजार गुरांमागे एक पशुवैद्यक असावा, अशी शिफारस केली होती. २०१९ च्या पशुगणनेनुसार महाराष्ट्रात सुमारे १ कोटी ४० लाख गोवंश आणि सुमारे ५६ लाख म्हशी आहेत. केवळ यांचाच हिशेब मांडला तरी सुमारे ३,९०० पशुवैद्यक हवेत, शेळ्या-मेंढ्या वेगळ्याच. प्रत्यक्षात श्रेणी-२ चे दवाखाने पदविकाधारक पशुधन पर्यवेक्षकांच्या खांद्यावर उभे आहेत. ते राबतात, याबद्दल दुमत नाही. परंतु पदवीधर वैद्याचे काम त्यांच्यावर ढकलणे हा त्यांच्यावरही अन्याय आहे.

महाराष्ट्रात २०१५ साली गोवंश हत्याबंदी कायदा अमलात आला. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये देशी गाईला ‘राज्यमाता-गोमाता’ हा मान मिळाला आणि गोशाळांतील देशी गाईंसाठी प्रतिदिन ५० रुपये अनुदानाचा निर्णय झाला. दोन्ही गोष्टी स्वागतार्हच आहेत. पण कत्तलखान्यापासून वाचलेली गाय घटसर्पाने किंवा लाळ्या-खुरकुताने मेली, तर त्या रक्षणाला काय अर्थ उरतो? देवणी, डांगी, गवळाऊ, लाल कंधारी हे गोवंश टिकवायचे, तर त्यांच्या पैदाशीच्या शास्त्रशुद्ध नोंदी, उणे १९६ अंशांवर जतन केलेले रेत आणि आनुवंशशास्त्राचा जाणता प्राध्यापक, या तिन्हींची आवश्यकता आहे. मातेची पूजा करायची आणि ती आजारी पडली की वैद्य शोधत फिरायचे, ही भक्ती अपुरी आहे.

शासनाने प्रथम रिक्त पदे कालबद्ध रीतीने भरावीत. यंत्राबरोबरच त्याच्या देखभालीचा निधी मंजूर करावा. नवे महाविद्यालय घोषित करण्यापूर्वी जुन्यातील विभाग पूर्ण करावेत; अन्यथा तेच मोजके शिक्षक अधिक इमारतींत विखुरले जातील. समाजाचेही कर्तव्य आहे. वसुबारसेला गाय-वासराचे पूजन करणाऱ्या मध्यमवर्गीय घरांतील किती मुले पशुवैद्यक होण्याचे स्वप्न पाहतात? गोशाळेला चारा देणाऱ्या दात्यांनी एखाद्या विद्यार्थ्याची शिष्यवृत्ती किंवा चिकित्सालयातील क्ष-किरण यंत्र का देऊ नये? गावोगावच्या कार्यकर्त्यांनी आपल्या तालुक्यातील दवाखान्यात वैद्य आहे का, हे विचारावे. नसेल तर लोकप्रतिनिधीकडे त्याचा पाठपुरावा करावा. गोसेवेचा हा मार्ग घोषणांच्या मार्गाइतका गाजणारा नाही. गोठ्यातल्या गाईला मात्र त्याचीच गरज आहे.