पुडी दिली, अनुपान सांगितले नाही

वैद्याने औषधाची पुडी हातात ठेवली, पण मधातून घ्यायचे की कोमट पाण्यातून, जेवणाआधी की नंतर, हे सांगितलेच नाही, तर अशा वैद्याला आपण काय म्हणू? लिनक्सवर डेटाबेस सांभाळणारी सॉफ्टवेअरे अशीच वाटली जातात, असे माझे स्पष्ट मत आहे. तरुण मंडळी रागावतील. रागावू देत.

उदाहरणच देतो. २०१७ साली डेबियन ९ आले आणि त्यात मायएसक्यूएलची जागा मारियाडीबीने घेतली. सोबत एक शहाणपणाचा बदलही आला. डेटाबेसच्या 'रूट' या मुख्य खात्याला पासवर्ड उरला नाही. जो संगणकावरच रूट म्हणून काम करतो आहे, त्यालाच ते खाते उघडते. किल्लीच नाही, तर चोर चोरणार काय? कल्पना उत्तम. पण पीएचपीमायअ‍ॅडमिन चालते ब्राउझरमधून, वेब सर्व्हरच्या खात्यावर. त्याला रूट म्हणून आत शिरता येईना. लोक पासवर्ड टाकून थकले. पडद्यावर एकच उत्तर: 'अ‍ॅक्सेस डिनाइड'. का नाकारले, आता काय करावे, याबद्दल अवाक्षर नाही.

मग उत्तर कुठे लिहिलेलेच नव्हते का? होते की! फोल्डराच्या पोटातल्या फोल्डरात, 'रीडमी डेबियन' नावाच्या फायलीत, तीही दाबून लहान केलेली. प्रश्नपत्रिका वर्गात आणि सूचना मुख्याध्यापकांच्या कपाटात!

याचा परिणाम काय झाला? लोकांनी कुठून तरी दोन ओळी उचलल्या, रूटला पुन्हा जुन्या पद्धतीचा पासवर्ड लावला आणि सुटकेचा श्वास टाकला. म्हणजे पॅकेज बांधणाऱ्याने कष्टाने घातलेली कडी वापरणाऱ्याने स्वतःच्या हाताने काढली. खरे तर पीएचपीमायअ‍ॅडमिनसाठी वेगळे, मोजक्या अधिकारांचे खाते काढले की काम भागते. हे एक वाक्य त्या नकाराखाली छापले असते तर? गंमत म्हणजे मायएसक्यूएलसाठीचे तसले जुने तोडगे अजून फिरत आहेत, आणि मायएसक्यूएल ९.० मधून २०२४ साली ती जुनी पद्धतच काढून टाकली गेली.

पुढे २०१९ च्या डेबियन १० मध्ये तर पीएचपीमायअ‍ॅडमिनचे पॅकेजच नव्हते. ते परतले २०२१ च्या डेबियन ११ मध्ये. मधल्या काळात अनेकांनी ते परस्पर उतरवून घेतले. पॅकेज असते तर सुरक्षेच्या दुरुस्त्या नेहमीच्या अपडेटबरोबर आल्या असत्या. हाताने बसवलेल्याची आठवण कोण ठेवणार? आणि आत असतात कुणाच्या संस्थेचे हिशेब, कुणाच्या वाचनालयाची सभासदांची यादी.

यावर ठरलेले उत्तर येते: "काका, ही माणसे फुकट राबतात. आणखी काय हवे?" त्यांच्या कष्टांना माझा नमस्कार आहे. पण मी भीक मागत नाही. डेबियनच्या स्वतःच्या नियमावलीत लिहिले आहे की प्रत्येक प्रोग्रामबरोबर माहितीपान असावे, आणि ते नसेल तर तो दोष समजून कळवावा. मी फक्त त्यांचाच नियम एक पाऊल पुढे नेतो. माहिती असणे पुरेसे नाही. अडलेला माणूस जिथे उभा आहे तिथे ती हवी. फळ्यावर लिहिलेले शेवटच्या बाकावर दिसत नसेल, तर अक्षर मोठे काढायचे काम मास्तरांचे.

दुसरे उत्तर: "ज्याला कळत नाही त्याने डेटाबेसला हात लावू नये." असे म्हणणारा स्वतः पोटातून शिकून आला होता का? मुक्त सॉफ्टवेअर म्हणवायचे आणि ज्ञान मात्र चार जाणत्यांच्या मुठीत, ही जुनी सोवळेशाहीच झाली.

असो. तुमच्यापैकी ज्यांनी अशी एखादी गाठ सोडवली असेल त्यांनी ती मराठीत लिहावी; आवृत्ती आणि तारीख घालून लिहावी, आणि नुसते 'हे टाइप करा' न सांगता का करायचे तेही सांगावे. मग ते पॅकेज बांधणाऱ्यांनाही कळवा. दोष दाखवणे ही कुरकूर नव्हे, तीही सेवाच आहे.