कयाधूच्या काठी भीमथडीचे तट्टू

महाराष्ट्राच्या राज्यगीतात भीमथडीच्या तट्टांचा उल्लेख आहे. परंतु ते तट्टू प्रत्यक्ष पाहिलेली माणसे आपल्या हिंगोली जिल्ह्यात थोडीच निघतील. भीमेच्या खोऱ्यातील हे आटोपशीर बांध्याचे, काटक जनावर एके काळी मराठ्यांच्या घोडदळाचा आधार होते. आज ते मुख्यतः पुणे, सातारा, सोलापूर व अहिल्यानगर या जिल्ह्यांतील धनगर बांधवांनी राखले आहे. मेंढरांमागे बिऱ्हाड हलविताना भांडीकुंडी, वाघरी व नवजात कोकरे वाहून नेणे हे त्याचे काम. कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने अलीकडेच या अश्वाची देशातील आठवी जात म्हणून नोंद केली. त्याची संख्या मात्र सुमारे ५,००० आहे. देशातील घोडे व तट्टे २०१२ च्या पशुगणनेत सुमारे ६.२५ लाख होती. २०१९ मध्ये ती ३.४ लाखांवर आली.

नरसी नामदेव परिसरातील एखाद्या शेतकरी कुटुंबाने भीमेपासून इतक्या दूर ही तट्टे वाढवावीत काय? आमच्या मते अवश्य वाढवावीत. मात्र ती भीमथडीच राहतील अशा रीतीने.

एखादी जात एकाच पट्ट्यात असली, तर एक साथ किंवा लागोपाठचे दुष्काळ तिचा उच्छेद करू शकतात. इंग्लंडमधील एक्समूर तट्टे दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस सुमारे ५० उरली होती. पुढे त्यांचे कळप मायभूमीबाहेरही वाढविले गेले. २०१५ पासून ती चेक प्रजासत्ताकातील मिलोविसे येथेही चरत आहेत. दूरचा कळप हा जातीचा विमाच होय.

परंतु बाजाराची ओढ निराळी असते. तेथे उंची, रंग व चाल यांना मोल मिळते. त्या मोहाने घोडीस मारवाडी वा काठियावाडी घोडा दाखविला, तर शिंगरू देखणे होईल, पण भीमथडी राहणार नाही. म्हणून जातिवंत नर आधी पाहावा, घोडी मागाहून घ्यावी. बापाचा संकर लेकीशी होऊ नये, यासाठी चार-पाच कुटुंबांनी मिळून नर ठेवावा व ठराविक काळाने तो बदलावा. प्रत्येक शिंगराचे आईबाप व जन्मतारीख वहीत लिहावी. वंशावळ नसलेले जनावर पैदाशीच्या दृष्टीने अर्ध्या मोलाचे.

बैल सांभाळण्याची सवय येथे पुरेशी नाही. घोडा रवंथ करीत नाही व त्यास वांती होत नाही. म्हणून बुरशी आलेला कडबा त्याला पोटशूळ आणून प्राणावर बेतू शकतो. हिरव्या ज्वारीवर त्यास सतत ठेवू नये. गुरांसाठीचे युरियायुक्त खाद्य देऊ नये. चंदी थोडी थोडी, वेळ ठरवून द्यावी. पावसाळ्यात काळ्या रानाच्या चिखलात खूर सडतात; ठाण उंच, मुरमाड जागी असावे. माश्यांमुळे पसरणाऱ्या सर्राकडे लक्ष ठेवावे. विकत घेण्यापूर्वी ग्लँडर्ससाठी रक्ततपासणी करून घ्यावीच. हा रोग माणसासही होतो, त्यावर लस नाही, आणि बाधित जनावर नष्ट करावे लागते.

आता हिशेब. घोडी सुमारे अकरा महिने गाभण राहते व बहुधा एकच शिंगरू देते. ते कामास येईपर्यंत तीन वर्षे जातात. तेव्हा हळद-सोयाबीनचे उत्पन्न बाजूला सारून किंवा कर्ज काढून या व्यवसायात पडणे शहाणपणाचे नाही. ज्याच्या घरी स्वतःचा कडबा आहे, चराईस माळ आहे आणि घरातील एक तरी माणूस रोज खरारा करण्यास राजी आहे, त्यानेच दोन घोड्यांपासून आरंभ करावा. तट्टास काम असावे: ओझे, रपेट, मुलांना घोडेस्वारीचे शिक्षण. काम सुटले की जनावर शोभेचे होते, आणि शोभेच्या जनावराचा खर्च घर फार दिवस सोसत नाही.

ग्रामसेवकांनी अशा कुटुंबाची पशुवैद्यकीय दवाखान्याशी गाठ घालून द्यावी व नोंदवही पाहत जावी. धनगर बांधवांनी कोणत्याही अनुदानाविना ही जात आजवर जगविली. त्यांच्याकडून तट्टू घेताना रास्त दाम द्यावा, आणि त्यासोबत त्यांचे ज्ञानही विचारून घ्यावे.