बोअर आपला, पाणी कोणाचं?

गावाकडून शहरात शिकायला आलेल्या जवळपास प्रत्येकाच्या फोनमध्ये एक व्हिडिओ सापडतो. रात्रीची वेळ, रानात उभी असलेली बोअरची गाडी, कॉम्प्रेसरचा कान फाटेल असा आवाज आणि मग अचानक उसळलेला पाण्याचा फवारा. खाली लिहिलेलं असतं, 'तीन इंच पाणी लागलं!' आपण लगेच त्यावर हार्ट टाकतो.

न लागलेल्या बोअरचा व्हिडिओ मात्र कोणी स्टेटसला ठेवत नाही. तो मी गेल्या मे महिन्यात स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला. काकांच्या रानात गाडी लागली होती. पाणाड्यानं तळहातावर नारळ उभा करून जागा दाखवली होती. चारशे फूट झाले, नुसता फुफाटा. पाचशे झाले, तरी फुफाटाच. ऑपरेटर काकांकडे बघायचा आणि काका म्हणायचे, "अजून पन्नास घे." दर फुटावर असतो आणि खोल जाईल तसा तो वाढत जातो. साडेसहाशेला काकांनी हात वर केला. गाडी दुसऱ्या गावाला निघून गेली. काकू काहीच बोलली नाही. दोरीवरच्या कपड्यांवर बसलेली पांढरी धूळ तेवढी झटकत राहिली. तो त्यांचा चौथा बोअर होता आणि त्यासाठीचे पैसे उसने होते.

याला नशीब म्हणायची आपल्याकडे पद्धत आहे. माझं म्हणणं वेगळं आहे. हे नशीब नाही, गणित आहे. आणि ते गणित आपल्या पिढीनं मांडलं नाही, तर पुढचा बोअर तुमच्या-माझ्या नावावरच्या कर्जातून निघेल.

आधी जमिनीखाली काय आहे ते बघू. महाराष्ट्राचा बहुतांश भाग काळ्या पाषाणावर, म्हणजे बेसॉल्टवर उभा आहे. हा दगड स्पंजासारखा पाणी धरून ठेवत नाही. पाणी साठतं ते वरच्या झिजलेल्या मुरमात आणि खालच्या भेगांमध्ये. आजोबांच्या काळातली चाळीस-पन्नास फुटांची विहीर याच वरच्या थरावर चालायची. पाऊस पडला की भरायची, उन्हाळ्यात तळ गाठायची, पुन्हा भरायची. खोलवरच्या भेगांतलं पाणी तसं नसतं. ते थोडं असतं आणि सावकाश जमलेलं असतं. एकदा उपसलं की परत यायला कैक पावसाळे लागू शकतात. त्यात बोअरला केसिंग पाइप टाकतात तो फक्त वरच्या मातीपुरता. त्यामुळे वरच्या थरातलं पाणीही भेगांवाटे त्या खोल नळीत उतरतं. तुमच्या बोअरला पाणी लागतं आणि शेजारच्याची विहीर मोकळी होते. मग तोही गाडी बोलावतो, तुमच्यापेक्षा शंभर फूट खोल.

गंमत म्हणजे कायद्यानंही आपल्याला हीच सवय लावली. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यापासून समज असा की, जमीन माझी तर तिच्याखालचं पाणीही माझं. पण पाण्याला बांध कळत नाही. ते सातबारा बघून वाहत नाही. राज्यानं २००९ चा भूजल कायदा केला. त्यात अधिसूचित क्षेत्रात ६० मीटरपेक्षा, म्हणजे साधारण दोनशे फुटांपेक्षा, खोल विहिरींना बंदीची तरतूद आहे. दोनशे फूट! आमच्याकडे तेवढ्यावर तर ऑपरेटर चहाही घेत नाही.

आता गणित. कागद घ्या. समजा, तुमचं गाव १,००० हेक्टरचं आहे आणि पाऊस ५०० मिलिमीटर पडला. एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे १०,००० लिटर पाणी. म्हणजे गावावर पडलं ५०० कोटी लिटर. ऐकायला केवढं वाटतं! पण यातलं बरंचसं वाहून जातं, बरंचसं वाफ होतं. आपल्या कठीण खडकात मुरतं ते ढोबळमानानं दहा टक्के धरू, म्हणजे ५० कोटी लिटर. गावाची लोकसंख्या २,००० असेल आणि माणशी रोज ५५ लिटर धरलं, तर वर्षाला लागतात साधारण ४ कोटी लिटर. उरले ४६ कोटी.

म्हणजे पिण्यापुरतं पाणी त्या गावात भरपूर आहे. तरीही मार्चमध्ये टँकर का येतो? कारण उरलेल्या ४६ कोटींचं काय करायचं, हे कोणी बसून ठरवलेलंच नसतं. पाटानं पाणी दिलेल्या उसाला पावसाव्यतिरिक्त हेक्टरी दीड कोटी लिटर सहज लागतं. म्हणजे एवढ्या पाण्यात तीस हेक्टर ऊस होतो आणि गावाची तिजोरी रिकामी होते. तेच पाणी हरभऱ्याला दिलं तर सुमारे दीडशे हेक्टर भिजतं. हजारातले तीस हेक्टर की दीडशे हेक्टर, एवढाच प्रश्न आहे. आणि हा प्रश्न आज जो जास्त खोल जाऊ शकतो तो एकटा सोडवतो, सगळ्या गावाच्या वतीनं.

इथं कोणी म्हणेल, शहरात बसून ऊसवाल्याला शिव्या देणं सोपं आहे. मान्य. उसाला भाव कायद्यानं ठरतो आणि तो उचलणारा कारखाना असतो. हरभरा, तूर बाजारात नेली की काय मिळेल याची खात्री नसते. काकांनी ऊस लावला तो हौसेनं नाही, पोरीच्या फीसाठी. त्यामुळे 'शेतकऱ्यांनी पीक बदलावं' हे वाक्य भावाच्या हमीशिवाय बोलूच नये. आणि शहराच्या सोसायटीत येणारा टँकर तरी कुठे भरतो? अनेकदा कुठल्या तरी गावच्या विहिरीवरच. तेव्हा हात झटकायला कोणालाच जागा नाही.

हे जमतं का? अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारनं जमवून दाखवलं आहे. पाऊस चारशे मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे आपल्या उदाहरणापेक्षाही कमी. पोपटराव पवार सरपंच झाल्यावर गावानं बांधबंदिस्ती केली, झाडं लावली, हे सगळ्यांना माहीत आहे. पण खरी गोष्ट पुढे आहे. शेतीसाठी बोअर घ्यायचा नाही आणि ऊस-केळीसारखी पाणीखाऊ पिकं घ्यायची नाहीत, हे गावानं ठरवलं आणि पाळलं. दरवर्षी पावसाळा संपला की पाण्याचा ताळेबंद मांडतात आणि त्या वर्षी काय पेरायचं ते ग्रामसभेत ठरतं. नुसतं पाणी अडवून काम भागत नाही. उपसा मोजला नाही तर अडवलेलं पाणीही चार बोअर पिऊन टाकतात.

मोजलं नाही की काय होतं, हे लातूरनं पाहिलं आहे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून तिथं रेल्वेनं पाणी आणावं लागलं. पण प्रत्येक गावासाठी रेल्वे येणार नाही.

मग तुम्ही काय करायचं? दात घासताना नळ बंद ठेवा वगैरे मी सांगणार नाही, ते तुम्हाला चौथीपासून पाठ आहे. सुट्टीत गावी गेलात की एक दोरी घ्या, तिला दगड बांधा आणि पाच विहिरींची पाणीपातळी मोजून वहीत तारखेसह लिहा. तलाठ्याकडून किंवा कृषी सहायकाकडून यंदाचा पाऊस विचारा. वरचं गणित तुमच्या गावाचे आकडे घालून पुन्हा करा. तुमचं वय अठरा पूर्ण असेल आणि गावच्या मतदार यादीत नाव असेल, तर तुम्ही ग्रामसभेचे सदस्य आहात. कोणाची परवानगी लागत नाही. २ ऑक्टोबरची ग्रामसभा पावसाळा सरताना आणि रब्बीची पेरणी ठरत असताना येते. त्या दिवशी उभे राहा आणि एवढंच विचारा, 'यंदा आपल्याकडे पाणी किती आहे?'

लोक हसतील. 'दोन बुकं शिकला की शहाणा झाला' म्हणतील. मला म्हणाले. काका मात्र हसले नाहीत. रात्री जेवताना त्यांनी विचारलं, "ती वही दाखव बरं." बराच वेळ आकडे बघत बसले आणि मग म्हणाले, "हे चार बोअरच्या आधी का नाही सांगितलं रे?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. तुमच्या घरी अजून वेळ असेल, तर वही आत्ताच घ्या.