लॉक्ड प्रोसेसर ओव्हरक्लॉक करता येतो का? हे कुलूप नेमकं कुणी आणि का लावलं?

२०२५ च्या अखेरीपासून रॅमच्या किमती कडाडल्या आहेत. एआयच्या डेटा सेंटर्सनी मेमरीची मागणी वाढवली आणि त्याचा फटका घरच्या पीसीला बसला. त्यात ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० चा नियमित सपोर्टही संपला. त्यामुळे नाशिकच्या कॉलेज रोडवरचा गेमर असो की सिडकोत घरून व्हिडिओ एडिटिंग करणारा, प्रश्न एकच: आहे त्याच मशीनमधून जास्त वेग काढता येईल का?

मग 'लॉक्ड प्रोसेसर फुकटात फास्ट करा' असं सांगणारे व्हिडिओ समोर येतात. त्यात तथ्य किती?

मल्टिप्लायर म्हणजे काय?

प्रोसेसरचा वेग हा साधा गुणाकार आहे. बेस क्लॉक सहसा १०० मेगाहर्ट्झ असतो. त्याला ४४ च्या मल्टिप्लायरने गुणलं की झाले ४.४ गिगाहर्ट्झ. इंटेलचा आय५-१२४०० जास्तीत जास्त इथपर्यंत जातो. नावात 'के' असलेल्या मॉडेलमध्ये हा आकडा वाढवता येतो, पण त्यासाठी 'झेड' मालिकेतला महाग मदरबोर्ड लागतो. बाकीच्या मॉडेल्सना कुलूप. एएमडीचे बहुतेक रायझन मात्र खुले असतात. ५८००एक्स३डी सारखे काही त्याला अपवाद.

कुलूप का लागलं?

१९९० च्या दशकात काही व्यापारी स्वस्त चिपवर जास्त वेगाचा शिक्का मारून ती महाग विकत. ते रोखणं हे एक कारण होतं. पण लोकांनी वाट काढलीच. १९९८ च्या सेलेरॉन ३००ए चा मल्टिप्लायर ४.५ वर लॉक होता. हौशी मंडळींनी बस ६६ वरून १०० मेगाहर्ट्झ केली आणि ३०० ची चिप ४५० वर पळवली.

२०११ मध्ये सँडी ब्रिज पिढीत इंटेलने बेस क्लॉक इतर भागांच्या घड्याळाशी जोडला. तो थोडा जास्त वाढवला की बाकीचे भागही गडबडू लागले. वेगासाठी जादा पैसे मोजण्याची पद्धत इथून पक्की झाली. म्हणजे शिक्क्याची फसवणूक हे जुनं कारण मागे पडलं आणि कुलूप हा किमतीचा भाग बनला.

पुढे दोनदा फट सापडली. २०१५ च्या शेवटी सुपरमायक्रो आणि अॅसरॉकने स्कायलेकसाठी बायोस आणले, पण २०१६ च्या सुरुवातीला इंटेलने मायक्रोकोड अपडेटने तो रस्ता बंद केला. २०२२ मध्ये काही महागड्या बोर्डांवर आय५-१२४०० थेट ५ गिगाहर्ट्झच्या पुढे गेला. गंमत अशी की त्या बोर्डाच्या पैशात सरळ वरचा प्रोसेसर आला असता.

मग आज हाती काय लागतं?

साध्या बोर्डावर बेस क्लॉक जेमतेम १०२-१०३ पर्यंत जातो. म्हणजे ४.४ चे ४.५. वापरताना हा फरक कळतही नाही. उलट पीसी अडकणं, फाइल्स खराब होणं हा धोका मात्र खरा.

आणि नाशिकचा उन्हाळा विसरू नका. व्हिडिओतली चाचणी बहुधा एसी खोलीत होते. एप्रिल-मेमध्ये इथे पारा चाळिशीला टेकतो. खोली पंधरा अंशांनी गरम, तर चिपही जवळपास तेवढीच जास्त गरम. ठरावीक तापमानानंतर प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो. मिळवलेलं तिथेच संपतं. शिवाय ओव्हरक्लॉकिंगमुळे वॉरंटी जाऊ शकते, आणि वाढीव व्होल्टेजने चिप झिजते. २०२४ मध्ये इंटेलच्या १३व्या-१४व्या पिढीतले प्रोसेसर ओव्हरक्लॉक न करताही जास्त व्होल्टेजमुळे बिघडत होते.

कुलूप न तोडता मिळणारा वेग आधी घ्या:

- बायोसमध्ये एक्सएमपी सुरू आहे का ते बघा. अनेक पीसींत महाग रॅम कमी वेगावरच चालत असते.
- रॅमची एकच पट्टी असेल तर जोडीची दुसरी लावा.
- धूळ काढा, जुनी थर्मल पेस्ट बदला, कूलर चांगला घ्या.
- हार्ड डिस्क असेल तर एसएसडी बसवा. जुन्या पीसीत सर्वात मोठा फरक इथेच पडतो.

पैसे मोजून घेतलेल्या चिपचा वेग किती असावा हे कंपनीने ठरवावं का, हा वाद रास्त आहे. पण तो व्हिडिओ बघून बायोसमध्ये सुटत नाही. तो दुकानात सुटतो. पुढचा प्रोसेसर घेताना नावातलं शेवटचं अक्षर आणि बोर्डाचा चिपसेट, दोन्ही विचारूनच पैसे द्या.