चार पॉइंटचं अंतर

परवा रात्री मावशीचा फोन. ‘तू पेपरात लिहितेस ना? मग मला एक सांग, या बास्केटबॉलमध्ये पुढे काय असतं गं?’

मावसबहीण नववीत. रोज पहाटे सहाला कोर्टवर हजर, घरी येते ती घामाघूम आणि जाम खूश. पण पुढच्या वर्षी दहावी. आपल्याकडे मग काय होतं, ते मी तुम्हाला सांगायला नको. आधी मोबाइल काढून घेतात, मग बॉल. माझा बॉलही असाच माळ्यावर गेला होता. त्यामुळे ‘खेळू दे गं तिला’ एवढंच म्हणून फोन ठेवणं जमेना. म्हटलं, ‘मावशी, दोन दिवस दे. होमवर्क करते.’

होमवर्क म्हणजे आपल्या वुमेन्स टीमचं इंटरनॅशनल रेकॉर्ड. ग्रुपमधल्या एकाला सांगितलं तर तो म्हणाला, ‘आपली टीम आहे?’ आहे बॉस! आणि तुझ्या-माझ्यासारखीच ती नोकरी सांभाळून खेळते.

रेकॉर्ड उघडलं आणि पहिल्या पाच मिनिटांत मावशी जिंकली असं वाटलं. ऑलिम्पिक? एकदाही नाही. वर्ल्ड कप? एकदाही नाही. एशिया कपचं मेडल? तेही नाही. २०२१मध्ये जॉर्डनमधल्या अम्मानला एशिया कप झाला, तिथे जपाननं आपल्याला १३६-४६नं धुतलं. नव्वद पॉइंटचा फरक! बरं, हे जपान म्हणजे नुकतंच टोकियोत ऑलिम्पिक सिल्व्हर जिंकलेलं जपान.

लॅपटॉप बंदच करणार होते. पण त्याच स्पर्धेतली आणखी एक मॅच दिसली. फिलिपिन्सविरुद्ध, ७०-७४. फक्त चार पॉइंट. म्हणजे दोन बास्केट.

आता यात गंमत काय, ते सांगते. एशिया कपला दोन डिव्हिजन असतात. वरच्या ‘ए’मध्ये आठ टीम्स. आपण आठवे आलो आणि ‘बी’मध्ये घसरलो. त्या ‘ए’मध्ये आपण पोचलो होतो कसे? २०१७मध्ये बेंगळुरूला ‘बी’ची फायनल होती. आपण कझाकस्तानला हरवलं ७५-७३. एका बास्केटनं वर गेलो आणि दोन बास्केट कमी पडल्या तशी खाली आलो. नव्वद पॉइंटची हार सगळ्यांच्या लक्षात राहते, पण आपली खरी लढाई या दोन-चार पॉइंटची आहे.

आणि ही टीम नुसती हरतही नाही हं. २०१३मध्ये बँकॉकला आशियात पाचवी आली. २०२३मध्ये हांगझोच्या एशियन गेम्समध्ये इंडोनेशियाला हरवलं, मंगोलियाला हरवलं आणि क्वार्टर फायनल गाठली. तिथे उत्तर कोरियानं ९६-५७नं घरी पाठवलं, ते सोडा.

मग जपानमध्ये वेगळं काय आहे? तिथल्या मुलीही कंपन्यांकडूनच खेळतात. टोयोटा, फुजित्सू, एनिओस... आपण ज्या कंपन्यांची नावं गाड्यांवर नाहीतर कॉम्प्युटरवर वाचतो, त्यांच्या टीम्स आहेत आणि त्यांची लीग महिनोन्महिने चालते. आपल्याकडे नोकरी देते ती मुख्यतः रेल्वे. पण वर्षानुवर्षं टिकलेली, सीझनभर चालणारी मुलींची लीग नाही. नोकरी आहे, मॅचेस कमी. शेवटच्या मिनिटाला हात थरथरू नयेत याची सवय मॅचेस खेळूनच होते ना?

तरीही या मुली टिकतात. केरळची गीतू अॅना जोस ऑस्ट्रेलियात क्लबकडून खेळली, २०११मध्ये अमेरिकेत डब्ल्यूएनबीएच्या ट्रायआउट्स देऊन आली. सिलेक्शन नाही झालं. परत आली आणि इंडियासाठी खेळत राहिली. चेन्नईची अनिता पॉलदुराई २००० ते २०१७, तब्बल अठरा वर्षं टीममध्ये होती. २०२१मध्ये तिला पद्मश्री मिळाली. दोघीही सदर्न रेल्वेत. आणि शिरीन लिमये तर आपल्या पुण्याची, इंडियाची कॅप्टन राहिलेली. हे ऐकून मावशी पहिल्यांदा ‘हो?’ म्हणाली.

तिला मी खरं तेच सांगितलं. कोटी-बिटी यात नाहीत. नोकरी मिळू शकते, पण गॅरंटी नाही. नव्वदनं हरायची तयारी लागते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कोर्टवर जायची. पण मावशी, असं पंधराव्या वर्षी बॉल काढून घेतलेल्या मुलींची टीम बनवली ना, तर ते चार पॉइंट तिथेच सापडतील.

पलीकडे बराच वेळ शांतता. मग म्हणाली, ‘आठवड्यातून तीन दिवस. आणि रविवारी गणित.’

मांडवली झाली म्हणायची! मागून छोटीचा आवाज आला, ‘ताई, शनिवारी तूपण ये ना. आम्हाला एक प्लेयर कमी पडतेय.’

माळ्यावरून बॉल काढलाय. हवा पार गेलीय. कुणाकडे पंप आहे का?