‘शी’ म्हणून नाक मुरडू नका!

इंग्रजी भाषेतला सर्वांत दुटप्पी शब्द कोणता, असं मला कुणी विचारलं तर मी ‘सॉरी’ म्हणणार नाही की ‘डिप्लोमसी’ म्हणणार नाही. मी बेलाशक ‘विथ’चं नाव घेईन. दिसायला दोन अक्षरांचा, गरीब, कुणाच्या अध्यात ना मध्यात. आपल्याकडचं शब्दयोगी अव्यय नामाच्या मागून अदबीनं चालतं. हा साहेब असल्यामुळे पुढून चालतो, एवढाच काय तो फरक. शाळेत मास्तरांनी ‘विथ म्हणजे सह’ असं छडीसह पाठ करून घेतलं आणि तेव्हापासून सारा महाराष्ट्र त्याला सज्जन समजत आला आहे.

या गृहस्थाचं पूर्वचरित्र मात्र काही निराळंच आहे. हजारेक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत ‘विथ’चा मुख्य अर्थ होता ‘विरुद्ध’! ‘बरोबर’ म्हणायला तेव्हा ‘मिड’ नावाचा वेगळा शब्द होता. त्याचा जर्मन भाऊ ‘मिट’ अजून खणखणीत जिवंत आहे. ‘विथ’चं मूळ शोधत भाषापंडित जिथं पोचतात, तिथं संस्कृतातला ‘वि’ही भेटतो. हाच तो वियोगातला, विरहातला, विभक्तातला ‘वि’. म्हणजे लग्नपत्रिकेवर वधूवरांच्या नावांमध्ये ‘विथ’ छापणारे लोक विरहाच्या चुलतभावालाच आंतरपाट धरायला उभा करतात!

पुरावा हवा असेल तर बँकेत जा. ‘विथड्रॉ’ केलेले पैसे आपल्या खात्याबरोबर राहतात काय? ‘विथहोल्ड’ म्हणजे देणं रोखून धरणं. ‘विथस्टँड’ म्हणजे कुणाशेजारी उभं राहणं नव्हे, कुणाविरुद्ध पाय रोवून टिकणं. जुना स्वभाव असा जोडशब्दांत दडून बसलाय.

मग हा वैरी मित्र झाला कसा? लढाईतून. लढायला समोर कुणीतरी लागतंच. ‘त्याच्याविरुद्ध लढलो’ असं म्हणता म्हणता अर्थ ‘त्याच्याशी लढलो’वर आला आणि तिथून ‘त्याच्याबरोबर’वर सरकला. इंग्लंडात येऊन राहिलेल्या उत्तरेकडच्या दर्यावर्दी मंडळींच्या बोलीत या शब्दाच्या भावाला दोन्ही अर्थ होतेच, त्याचाही हातभार लागला. पुढच्या काही शतकांत ‘विथ’नं बिचाऱ्या ‘मिड’ला घरातून हाकलून दिलं. ‘मिड’ आता फक्त ‘मिडवाइफ’मध्ये, म्हणजे सुइणीच्या आश्रयाला, उरलाय. तिथली ‘वाइफ’ म्हणजे कुणाची बायको नव्हे, नुसती बाई. बाळंतिणीच्या बरोबर असते ती मिडवाइफ. एका भाषेतलं सगळं ‘बरोबर’पण शेवटी एका सुइणीनं सांभाळलं!

साहेबाला याची किंमत मोजावी लागते ती अशी. 18 जून 1815 रोजी वॉटर्लूला इंग्रज कुणाशी लढले? फ्रेंचांशी. कुणाबरोबर लढले? प्रशियनांबरोबर. इंग्रजीत मात्र दोन्ही ठिकाणी एकच ‘विथ’ चालतो. नेपोलियन आणि ब्ल्यूखर यांच्यात कोण शत्रू आणि कोण मित्र, हे वाक्यावरून कळत नाही, इतिहासाचं पुस्तक उघडावं लागतं.

मराठीला हा त्रास कधीच नव्हता. समोरासमोर असेल तर ‘शी’, खांद्याला खांदा असेल तर ‘बरोबर’. माणूस लग्न बायकोशी करतो, संसार बायकोबरोबर करतो. सकाळी बायकोशी भांडतो आणि संध्याकाळी बायकोबरोबर शेजाऱ्याशी भांडतो. सारं गृहस्थजीवन एका प्रत्ययात आणि एका अव्ययात बसवणारी ही भाषा! शिवाय साहेबाचा ‘विथ’ चाकूनं कापतो, थंडीनं कुडकुडतो, तेव्हा त्याच्यासाठी आपल्याकडे ‘ने’ आहे. ‘लांब केस विथ’ असलेली मुलगी आपल्याकडे नुसती लांब केसांची असते. साहेबाच्या एका नोकराचं काम आपल्याकडे चार माणसं वाटून घेतात आणि कुणी कुणाच्या पायात येत नाही.

आणि आता आमचे बातमीवाले आणि मालिकावाले या चौघांना कामावरून काढून एकट्या ‘सोबत’ला ठेवून घेतायत! हिंदीतल्या ‘के साथ’नं मागून ढकललं, इंग्रजीतल्या ‘विथ’नं पुढून ओढलं आणि ‘सोबत’ गादीवर बसली. ‘त्याचं मित्रासोबत भांडण झालं.’ ‘तिनं डॉक्टरसोबत लग्न केलं.’ ‘माझ्यासोबतच असं का घडतं?’ अहो, सोबत म्हणजे संगत. अंधारात घरी जायचं असलं की शेजारच्या पोराला म्हणतो, ‘जरा सोबतीला ये रे.’ ‘पोलिसांची गुंडांसोबत चकमक’ असं वाचलं की मला प्रश्न पडतो, हे दोघं मिळून नेमके कुणावर चालून गेले? आणि डॉक्टरसोबत लग्न केलं म्हणजे एकाच मांडवात दोन बार उडवले, डॉक्टरांचा वेगळा आणि हिचा वेगळा? हे असंच चाललं तर उद्या ‘जेवणाआधी साबणासोबत हात धुवा’ अशी पाटी लागेल आणि आज्ञाधारक मुलं साबणही स्वच्छ धुऊन ठेवतील.

यावर ‘भाषा ही वाहती नदी आहे’ असं ऐकवणारे विद्वान लगेच भेटतात. असेल. पण नदी वाहते म्हणून कुणी घाटाच्या पायऱ्या उखडून पाण्यात टाकत नाही. साहेबाचा ‘मिड’ गेला तेव्हा त्याला थांबवायला कुणी नव्हतं. आपला ‘शी’ अजून स्वयंपाकघरात, वाड्याच्या चौकात, एस्टीच्या रांगेत धडधाकट आहे. त्याला घालवायला कुठल्या परकीय स्वारीची गरज नाही. आपण आपल्या हातानं त्याला दार दाखवतोय. शत्रू कोण आणि सोबती कोण हे एका अक्षरात सांगणारी सोय फुकट मिळालेली असताना ती फेकून देण्याला प्रगती म्हणायचं असेल, तर त्या प्रगतीशी माझं वैर आहे.

हे वाचून कुणाला माझ्याशी भांडायचं असेल तर जरूर यावं, चहा मिळेल. माझ्यासोबत भांडायला कुणी आलं, तर मात्र मी चपला घालून तयार होईन आणि एवढंच विचारीन, ‘चला, कुणाशी भांडायचंय?’